वीकेंड कूपेची बॅटरी पुन्हा पुन्हा का बसते? नवी घेण्याआधी एक आकडा मोजा

रविवारी पहाटे साडेपाचला ताम्हिणीला निघायचं म्हणून बेसमेंटमध्ये उतरावं, किल्लीचं बटण दाबावं आणि गाडीने हूं की चूं करू नये. किंवा दार उघडतं, डॅशबोर्डवरचे दिवे एकदा लागतात, सेल्फ मारला की टक-टक-टक आणि सगळं बंद. मग बॅटरीवाल्याला फोन, जंप (बाहेरच्या बॅटरीच्या वायरी जोडून), गाडी सुरू, पंधरा दिवस विसर. की पुन्हा तेच. दोन दारांची हौसेची गाडी ठेवणाऱ्या कुणालाही विचारा, ही कहाणी तो तोंडपाठ सांगेल. बहुतेकांनी त्यावर एकदा तरी नवी बॅटरी घातलेली असते, आणि वर्षभरात तीही मान टाकते.

जंप मारणं हा इलाज नाही. नवी बॅटरी हाही बहुतेक वेळा नाही. गाडी कुलूपबंद, झोपलेली असताना बॅटरीतून किती करंट जातो, हा एक आकडा आधी हवा. तो हातात आल्याशिवाय कुणालाही पैसे देऊ नका.

हिशोब अगदी साधा आहे

आजची कुठलीही गाडी बंद असतानाही थोडा करंट ओढते. अलार्म, किल्लीचा रिसिव्हर, घड्याळ, कंट्रोल युनिटांची (गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरांची) मेमरी. निरोगी गाडीत हा ओढा ५० मिलिअँपिअरच्या आत असतो, बऱ्याचदा २०-३०. समजा तुमची बॅटरी ७० अँपिअर-अवरची आहे. ३० मिलिअँपिअरने दिवसाला पाऊण अँपिअर-अवरच्या आसपास जातं, महिन्याला साधारण २२. म्हणजे महिनाभर उभी असलेली गाडीही सुरू व्हायला हवी, बॅटरी मुळात धड असेल तर. तोच ओढा ३०० मिलिअँपिअर असला की दिवसाला ७ अँपिअर-अवरच्या वर गेले. पाचव्या दिवशी बॅटरी अर्धी, आणि पुढच्या रविवारी तुम्ही खाली उतरता तेव्हा सेल्फ फिरवण्याइतकी ताकद उरलेली नसते.

रोज ऑफिसला जाणाऱ्या सेडानमध्ये हाच ३०० मिलिअँपिअरचा दोष वर्षानुवर्षं लपून राहतो, कारण रात्री गेलेलं सकाळी डायनॅमो भरून देतो. वीकेंडच्या गाडीत तो लपू शकत नाही. सर्व्हिस सेंटरवाले "साहेब, गाडी चालवत जा" म्हणतात ते म्हणूनच. सल्ला खोटा नाही, पण त्यामागे दोष झाकला जातो.

दुसरं, सेल्फ मारण्यासाठी बनवलेली बॅटरी पूर्ण उतरणं सहन करत नाही. उतरलेल्या अवस्थेत राहिली की प्लेटांवर सल्फेटचा थर बसतो आणि क्षमता कायमची कमी होते. दोन-तीनदा पार झोपलेली बॅटरी जंप मारून उठली तरी पूर्वीची राहत नाही. नवी बॅटरी वर्षभरात जाते ती यामुळे. बॅटरी चांगलीच होती, तिला पिणारा तसाच गाडीत होता.

बॅटरी बसलीच असेल तर आत कसं शिरायचं

कूपेची खरी गंमत इथे आहे, म्हणून यावर जरा सविस्तर.

किल्लीच्या आत धातूचं पातं असतं आणि चालकाच्या दाराच्या हँडलपाशी, बऱ्याचदा एका छोट्या टोपणाखाली, किल्लीचं भोक असतं. हे टोपण कसं निघतं ते गाडी चालू असताना, उजेडात, एकदा करून बघा. पहाटे मोबाइलच्या टॉर्चमध्ये नखाने खरवडत बसलात तर रंग जातो.

दार उघडताना सावकाश. बहुतेक कूपेंच्या दारांना काचेभोवती चौकट नसते. हँडल ओढलं की काच काही मिलिमीटर आपोआप खाली सरकते, दार लागलं की पुन्हा वर जाऊन रबरात बसते. बॅटरी मेलेली असताना काच खाली येत नाही. दार उघडताना ती रबरातून हळूच सोडवून घेता येते, पण नेहमीच्या सवयीने धाडकन लावलं तर काचेची वरची कड पट्टीवर आणि रबरावर आपटते. रबर फाटलं की पहिल्याच पावसात सीट भिजणार. त्यामुळे एकदा दार उघडलं की जंप मिळेपर्यंत ते उघडंच ठेवा, फार तर मध्ये फडकं धरा.

आता बॅटरी आहे कुठे? वजन मागे न्यावं म्हणून बऱ्याच स्पोर्टी गाड्यांत ती डिकीत असते आणि डिकी उघडते विजेच्या बटणाने. पोर्शे ९११ मध्ये इंजिन मागे, बॅटरी बहुधा पुढच्या डिकीत, आणि कित्येक पिढ्यांत त्या डिकीची कडी इलेक्ट्रिक. म्हणजे बॅटरीपर्यंत पोचायला बॅटरी लागते! त्यासाठी पायाजवळच्या फ्यूज बॉक्समध्ये एक धन टर्मिनल ओढून बाहेर काढता येतं. बाहेरून तिथे १२ व्होल्ट आणि दाराच्या कडीच्या लोखंडाला अर्थ (ऋण टोक) दिलं की पुढची डिकी उघडण्यापुरता करंट मिळतो. तेवढ्यावर इंजिन सुरू करायला जाऊ नका, ती वायर त्यासाठी नाही. इतर गाड्यांत मागची सीट पाडून हात घालावा लागतो किंवा एखादी आपत्कालीन दोरी असते. मॅन्युअलमधलं ते एक पान मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. आणि लिथियमचा जंप पॅक डिकीत ठेवू नका. तो घरात ठेवा.

बॅटरी डिकीत असली तरी जंपसाठी बॉनेटखाली लाल टोपणाचं टर्मिनल बहुधा दिलेलं असतं. लाल चिमटा त्याला, काळा चिमटा शेजारच्या अर्थच्या बोल्टला. काळा थेट बॅटरीच्या ऋण टर्मिनलला लावू नका. तिथे करंट मोजणारा सेन्सर बसवलेला असतो, त्याला वळसा घातला जातो आणि गाडीचा बॅटरीचा हिशोब चुकतो.

धक्का मारून सुरू करायचा विचार सोडा. ऑटोमॅटिक किंवा ड्युअल क्लचमध्ये ते होतच नाही. उलट गिअर 'पी'मध्ये अडकलेला, हँडब्रेक इलेक्ट्रॉनिक, त्यामुळे गाडी जागची हलत नाही, आणि फ्लॅटबेड टोइंगचा ट्रक बेसमेंटच्या छपराखाली शिरत नाही. सगळं जिथल्या तिथेच करावं लागतं.

आता तो आकडा

आधी बॅटरी चार्जरवर पूर्ण भरून घ्या. काढून रात्रभर तशीच ठेवली, तर सकाळी साध्या मल्टिमीटरवर १२.६ किंवा वर दिसायला हवं. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. एजीएम बॅटरी (आम्ल काचतंतूंच्या चटईत धरून ठेवणारी) असेल तर हे आकडे थोडे वर सरकतात. पूर्ण भरूनही १२.४ च्या वर टिकत नसेल तर बॅटरी गेली आहे. तरीही पुढची मोजणी सोडू नका, ती का गेली हे कळायला हवं.

मग गाडीला फसवायचं. डिकी, बॉनेट, दार जे उघडं ठेवावं लागणार आहे त्याच्या कडीत स्क्रू-ड्रायव्हरने जिभळी फिरवून लॉकच्या जागी आणा, म्हणजे गाडीला वाटतं सगळं बंद आहे. किल्लीने लॉक करा आणि किल्ली दूर नेऊन ठेवा, लिफ्टपाशी किंवा वर घरात. किलेस गाडीला किल्ली जवळ आहे असं वाटत राहिलं तर ती झोपत नाही. (काम संपल्यावर ती जिभळी सोडवल्याशिवाय डिकी आपटू नका. कडी आधीच बंद आणि वर बॅटरीही काढलेली, असा घोळ होतो.)

मीटर कोणता? सगळ्यात सोयीचा डीसी क्लॅम्प मीटर, जो मिलिअँपिअरपर्यंत वाचतो. ऋण केबलभोवती अडकवला की झालं, काही सोडायला नको. सोसायटीच्या वायरमनकडचा क्लॅम्प मीटर बहुतेक फक्त एसीचा असतो, तो इथे शून्यच दाखवणार आणि तुम्ही खूश होणार. क्लॅम्प नसेल तर मल्टिमीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घाला. एक टोक बॅटरीच्या ऋण खांबाला, दुसरं ऋण केबलच्या क्लॅम्पला, आणि दोन्ही घट्ट लागल्यावरच १० नंबरच्या पान्याने क्लॅम्प सैल करून उचला. असं केलं की पुरवठा क्षणभरही तुटत नाही. तुटला तर सगळी युनिटं जागी होतात आणि पुन्हा पहिल्यापासून वाट बघावी लागते. मीटर लावलेला असताना इग्निशन चालू करायचं नाही, सेल्फ तर अजिबात नाही. फ्यूज जाईल, स्वस्तातला मीटर असेल तर तोही.

मग खुर्ची घेऊन बसायचं. माझ्या गाडीत लॉक केल्या केल्या ६ अँपिअरच्या आसपास दिसत होतं. मिनिटभरात ते दोनवर आलं, मग बराच वेळ ०.९ वर अडून राहिलं, आणि बेसमेंटच्या शांततेत कुठूनसा एक रिले टिक् झाला तसं ०.४१. तिथून पुढे ढिम्म नाही. काही गाड्यांना झोपायला पाऊण-एक तास लागतो, म्हणून तेवढा वेळ द्यायचा. तासाभरानंतरही ०.४१ म्हणजे ४१० मिलिअँपिअर, मर्यादेच्या आठपट. दोन महिन्यांपूर्वीच "बॅटरी वीक होती, बदलली" असं सांगून एका सर्व्हिस सेंटरने बिल हातात दिलं होतं. तिथे हे मोजलं गेलंच नव्हतं.

आता पिणारा शोधायचा. एकेक फ्यूज काढून आकडा कधी पडतो ते बघायची जुनी पद्धत नव्या गाड्यांत फसवते, कारण फ्यूज परत लावताना युनिट जागं होतं. त्यापेक्षा फ्यूज जागेवरच ठेवा. ब्लेड फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक उघडे बिंदू असतात. मीटर मिलिव्होल्टवर लावून दोन्ही टोकं त्या दोन बिंदूंवर टेकवा. करंट जात नसेल तर शून्य. १० अँपिअरच्या लहान ब्लेड फ्यूजवर २ मिलिव्होल्ट दिसले तर साधारण पाव अँपिअर त्यातून चाललाय. दुसऱ्या रेटिंगच्या फ्यूजला हाच आकडा वेगळा करंट सांगतो, त्याचे तक्ते सहज मिळतात. आपल्याला तरी शून्य की शून्य नाही, एवढंच आधी हवं असतं. फ्यूज बॉक्स दार उघडल्यावरच दिसत असेल तर गाडी झोपण्याआधी दार उघडून, कडी फिरवून ठेवा.

माझ्याकडे दोन फ्यूज बोलले. पहिला डॅशकॅमचा. बसवणाऱ्याने पार्किंग मोड चालावा म्हणून कायम चालू असलेल्या फ्यूजवरून लाइन घेतली होती. तो काढला आणि मीटर ०.१९ वर आला. दुसरा इन्फोटेनमेंटचा. पडदा काळा, आवाज नाही, पण आत युनिट जागं. कारण सापडलं डावीकडच्या दाराच्या कडीत. कडीतला मायक्रोस्विच झिजला होता आणि दार लागूनही गाडीला अधूनमधून ते उघडंच वाटत होतं. जिभळी स्क्रू-ड्रायव्हरने दोन-तीनदा मागेपुढे केली की वीस-एक मिनिटांत आकडा ०.०३ वर यायचा, कधी यायचा नाही. स्विच वेगळा मिळत नाही, अख्खं लॉक बदलावं लागलं. बॅटरीपेक्षा स्वस्तच पडलं.

बहुतेक वेळा सापडणारे गुन्हेगार

डॅशकॅम अव्वल. पार्किंग मोड हा रोज चालणाऱ्या गाडीसाठी ठीक आहे, वीकेंडच्या गाडीसाठी नाही. ठेवायचाच तर कमी व्होल्टेजला स्वतःहून बंद होणारा हार्डवायर किट लावा आणि त्याची मर्यादा १२.२ वगैरे वर ठेवा. बरेच किट ११.८ वर लावून दिलेले असतात, तोपर्यंत बॅटरी संपलेलीच असते.

त्यानंतर ओबीडी सॉकेटमध्ये (जिथे मेकॅनिक स्कॅनर लावतो) खोचून विसरलेला ब्लूटूथ डोंगल (त्या सॉकेटला कायम पुरवठा असतो), जीपीएस ट्रॅकर, बाहेरून बसवलेला अँप्लिफायर. आधीच्या मालकाने काय काय बसवलंय हे सेकंडहँड गाडीत कुणालाच माहीत नसतं. डॅशबोर्डखाली काळ्या टेपने गुंडाळलेला, कंपनीचा न वाटणारा जोड दिसला तर तिथून सुरुवात करा. डिकीचा किंवा ग्लोव्ह बॉक्सचा दिवा न विझणं हे जुनं कारण अजूनही जिवंत आहे. मोबाइल रेकॉर्डिंगवर ठेवून डिकी लावा, कळेल. पावसाळ्यानंतर अर्थच्या बोल्टावर हिरवट गंज, किंवा उंदराने कुरतडलेली वायर, हेही बघून घ्या. उंदरांना उभी गाडी फार आवडते.

ओढा ५० च्या आत आहे, बॅटरीही टिकते, तरी उतरते? मग इंजिन चालू असताना टर्मिनलवर व्होल्टेज बघा. साधारण १३.८ ते १४.४ हवं. नव्या गाड्यांत स्मार्ट डायनॅमो मुद्दाम कमी-जास्त करतो, त्यामुळे एका नजरेत निकाल देऊ नका. दिवे, एसी, मागच्या काचेचा हीटर लावून पुन्हा बघा.

दोष काढला, पण गाडी तरीही महिनाभर उभीच राहणार

सगळ्यात चांगला उपाय बॅटरी मेंटेनर. हा साधा चार्जर नव्हे. बॅटरी भरली की तो स्वतःहून हात आखडता घेतो आणि महिनोन्महिने लावून ठेवता येतो. एजीएम असेल तर त्याचा मोड निवडा. अडचण गाडीची नसते, सोसायटीची असते. बेसमेंटमध्ये प्लग मागायला गेलात की सेक्रेटरी काका विचारणार, "गाडी पेट्रोलची ना? मग चार्जिंग कशाला?" त्यांना अँपिअर समजावू नका. सरासरी ५ वॉट धरले तरी महिन्याला ४ युनिटसुद्धा होत नाहीत, हे लेखी द्या आणि सब-मीटरचा खर्च मी करतो म्हणून सांगा. इलेक्ट्रिक गाड्यांच्या पॉइंटचा विषय समितीत निघेल तेव्हाच आपलाही अर्ज सरकवणं सोपं.

प्लग मिळालाच नाही तर ऋण केबल सोडून ठेवायची. फिरकीने निघणारा कट-ऑफ मिळतो, तो चालतो. सोडण्याआधी दोन्ही काचा दोन बोटं खाली घ्या, वर सांगितलेल्या कारणासाठी. आणि बॅटरीच्या डिकीला किल्लीने उघडणारा मार्ग आहे याची खात्री करा, नसेल तर हा उपाय तुमच्यासाठी नाही. परत जोडल्यावर काचा पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवावं लागतं, म्हणजे त्यांना आपली जागा आठवते. स्टिअरिंगचा किंवा ट्रॅक्शनचा पिवळा दिवा लागला तर थोडं सरळ चालवून, स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बहुधा जातो. जुन्या गाडीत रेडिओचा कोड मागेल, तो आधी शोधून ठेवा.

वॉचमनला किल्ली देऊन "रविवारी दहा मिनिटं चालू करून ठेव" सांगणारे बरेच आहेत. यात फायदा काही नाही. सेल्फने जेवढं ओढलं ते आयडलिंगला जेमतेम भरून निघतं, इंजिन पुरतं तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साठतं. चालवायचीच तर धड चालवा, लोणावळ्यापर्यंत जाऊन या. तरी अर्धी उतरलेली बॅटरी त्या एका फेरीत भरत नाही. सुरुवातीचा भाग पटकन भरतो, शेवटच्या वीस टक्क्यांना कित्येक तास लागतात. म्हणून दोन-तीन आठवड्यांनी एकदा चार्जर लावणं टळत नाही.

आणि बॅटरी खरोखरच बदलायची वेळ आली तर: मूळची एजीएम असेल तर एजीएमच घ्या. डिकीतल्या बॅटरीला गॅस बाहेर नेणारी एक बारीक काळी नळी असते. बसवणारा ती हमखास लोंबती सोडतो. चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, तो केबिनमध्ये नको, तेव्हा नळी टोचलेली आहे हे स्वतः वाकून बघा. बीएमडब्ल्यूसारख्या काही गाड्यांत नवी बॅटरी कॉम्प्युटरवर नोंदवावी लागते, नाहीतर बॅटरी जुनीच आहे असं समजून गाडी चार्ज करत राहते. बॅटरीवाल्याला फोनवरच विचारा, स्कॅनर आणणार का.

तासभर थांबूनही आकडा स्थिर होत नसेल, ०.०३ वरून दर काही मिनिटांनी अर्ध्या-एक अँपिअरपर्यंत उडी मारून परत येत असेल, तर एखादं युनिट बाकीच्यांना पुन्हा पुन्हा उठवतंय. इथे फ्यूजची पद्धत पुरत नाही. कंपनीचा स्कॅनर असलेल्याकडे जा आणि "बॅटरी चेक करा" असं म्हणू नका. मीटरचा तासाभराचा व्हिडिओ दाखवा आणि विचारा, बस (युनिटांना आपसात जोडणारी डेटाची लाइन) जागी ठेवणारं कंट्रोल युनिट कोणतं, त्याची नोंद काढून द्या. बऱ्याच गाड्या ही नोंद स्वतःच ठेवतात, फक्त ती कुणीतरी मागावी लागते.